चारशे बारावी ओळ

मी 'लाव' बोलतोय. हसू नका, हेच माझं नाव. मी कुणाची कुणाशी लावून देत नाही. माणसांची नावं ओळीने लावतो, म्हणून लाव.

मी एक प्रोग्रॅम आहे. साडेअकरा हजार अक्षरांचा जीव. मला ना चित्र, ना रंग, ना उंदीर. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, एवढंच माझं रूप. तिथे आधी माझं नाव टाइप करायचं, मग ज्या फाइलीतल्या ओळी लावायच्या तिचं नाव, मग नवी फाइल ज्या नावाने हवी ते नाव, आणि एंटर. झालं. प्लीज म्हणायची गरज नाही. पण एक अक्षर जरी चुकलात, तर मी ओळखसुद्धा दाखवत नाही. स्वभाव म्हणा हवं तर!

माझा जन्म ठाण्याचा. वर्तकनगरच्या एका कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर, १९९१च्या दिवाळीत. माझा जन्मदाता हरिहर कर्णिक. मोहने गावाजवळच्या एका कारखान्यात तो संगणक विभागात होता. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला एक जुना संगणक त्याने घरी आणला होता. त्याला घरात देवापेक्षा जास्त मान. त्याच्यावर फुलाफुलांचं कव्हर, त्याच्या खोलीत चपला बंद, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार आणि पडद्याला कुंकू. ते कुंकू पुढे महिनाभर कुणी पुसलं नाही, त्यामुळे हरिहरला प्रत्येक आकडा लाल डाग चुकवून वाचावा लागायचा.

मला जन्माला घालायचं कारण ऐका. हरिहरची बायको नीला कॉलेजात भूगोल शिकवायची आणि ठाण्याच्या खाडीवर पीएच.डी. करत होती. भरती-ओहोटीचं कोळ्यांना असलेलं ज्ञान, हा तिचा विषय. प्रबंधाच्या शेवटी संदर्भसूची लागते, म्हणजे कुणाकुणाचं वाचलं आणि कुणाकुणाकडून ऐकलं त्याची आडनावाप्रमाणे यादी. नीलाने चारशे बारा कार्डं लिहिली होती आणि ती चपलांच्या खोक्यात ठेवली होती. एका दुपारी ती सगळी कार्डं तिने फरशीवर क्रमाने मांडली. बघते तर पाच तास गेलेले. तेवढ्यात तिचे सासरे घामाघूम होऊन बाहेरून आले आणि आल्या आल्या त्यांनी पंखा लावला.

पुढे काय झालं ते सांगत नाही. नीला अर्धा तास कपाटाखाली आडवी होती आणि सासरे गॅलरीत तोंड लपवून उभे होते.

म्हणून हरिहरने दिवाळीच्या सुट्टीत मला लिहिलं. फराळाची बशी मांडीवर घेऊन. तेव्हा चकलीचा एक तुकडा 'एन'च्या बटणाखाली गेला, तो कायमचा. त्यानंतर त्या घरात एन दाबला की कुर्र वाजायचं.

आता सासरे. विश्राम कर्णिक, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. निवृत्त हेडमास्तर. पंख्याचं प्रायश्चित्त म्हणून सगळी कार्डं टाइप करायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. खांद्यावर पंचा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि उजव्या हाताचं एक बोट. मला मराठी अक्षरं येत नाहीत, त्यामुळे सगळं इंग्रजी लिपीत. महिनाभर ते बोट टकटक करत होतं. काम संपलं तेव्हा नीलाने माझं नाव टाइप केलं, एंटर मारला आणि मी चारशे बारा ओळी झटक्यात लावून दिल्या.

नीला वाचायला लागली आणि हसत हसत खालीच बसली.

आप्पांनी एकालाही नुसत्या नावाने लिहिलं नव्हतं! जो वारला असेल त्याच्या आधी 'कै.', बाई असेल तर 'सौ.' नाहीतर 'श्रीमती', बाकीचे 'श्री.' आणि 'प्रा.'. मी काय करणार? मला पहिलं अक्षर दिसतं. मी सगळी मेलेली माणसं 'के'खाली एका पंगतीला बसवली. सगळ्या सवाष्णी 'एस'मध्ये. प्राध्यापकांचं संमेलन 'पी'मध्ये. आप्पांना ज्यांनी शाळेत शिकवलं होतं ते एक 'गुरुवर्य' मात्र 'जी'मध्ये एकटेच, कुणी बोलायलाही नाही.

"आप्पा, नुसतं आडनाव लिहायचं हो!" नीला डोळे पुसत म्हणाली.

"म्हणजे प्रा. नामजोशींना मी नामजोशी म्हणू? मी हेडमास्तर होतो नीला, मवाली नव्हतो."

शेवटी हरिहरने तडजोड काढली. अठरा पदव्यांची यादी त्याने मला पाठ करून दिली. या दिसल्या की काढून टाकायच्या आणि उरलेल्या नावाने माणूस लावायचा. आप्पांनी खुशाल मान द्यावा, मी खुशाल काढावा. खरं सांगू, मला त्यात फार मजा यायची. एकेकाची टोपी काढून त्याला रांगेत उभं करायचं! मोठा कोण, धाकटा कोण, कुणाला खुर्ची द्यायची, हे मला कळतच नाही. माणसांचं निम्मं आयुष्य त्यातच जातं.

हरिहरने मला आणखी एक नियम दिला आणि तिथेच घोळ झाला. प्रत्येक ओळीत नावाचे तीन खाने. आडनाव, नाव आणि मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. गोऱ्या लेखकांना मधलं नाव नसलं तर तिथे रेघ घालायची. रेघेचा अर्थ, नाव नाही. पण खाना रिकामाच राहिला तर ओळ अपुरी समजायची आणि गाळायची. शेवटी मी पडद्यावर सांगायचं, इतक्या ओळी लावल्या, इतक्या अपूर्ण.

मी प्रत्येक वेळी इमानाने सांगत होतो. चारशे अकरा लावल्या, एक अपूर्ण. चार महिन्यांत निदान तीस वेळा सांगितलं. पण माणसं शेवटची ओळ वाचतात का? यंत्राची खरखर थांबली की उठली चहाला!

ती गाळलेली ओळ जनाबाईची होती.

जनाबाई नाखवा, खाडीवरच्या कोळीवाड्यातली. साठीची, काटक, आवाज तीन इमारतींपलीकडे पोचेल असा. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी पाटी घेऊन कर्णिकांच्या दारात यायची. आप्पा तिच्या निवट्यांसाठी, खाडीच्या चिखलातल्या त्या माशांसाठी, जीव टाकायचे. नीलाला कुठल्या तिथीला पाणी कधी फिरतं हे पुस्तकांत सापडेना, ते जनाबाईने कोळंबी मोजता मोजता सांगून टाकलं. मग नीला वही घेऊन कोळीवाड्यात जायला लागली. मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि पाणी कमी चढतं त्या दिवसांना भांग, इथपासून सगळं. पण वही उघडायच्या आधीच जनाबाईने अट घातली होती.

"ईस वर्सां झाली, एक परफेसर आयलता. आमच्या घरवाल्याच्या होरीत दोन वर्सां फिरला. सगला इचारला, सगला लिवला. पुस्तक झाला, पन त्यान घरवाल्याचा नाव नाय. तो मरेपरत मना इचारी, गो, माजा नाव आयला काय पुस्तकान? तू माजा नाव घालशील त सांगते, नायतर कोलंबी घे आनी जा."

तो परफेसर म्हणजेच आप्पांचे प्रा. नामजोशी. त्यांच्या पुस्तकात एवढंच होतं, 'एका स्थानिक कोळ्याने दिलेल्या माहितीनुसार'.

नीलाने शब्द दिला. "घालीन जनाबाई. मोठ्या मोठ्या लोकांच्या ओळीत घालीन." तिचे गाईड म्हणाले, मासेवालीचं नाव कशाला सूचीत, मागे परिशिष्टात टाका. नीला त्यांच्याशी तीन वेळा भांडली आणि जिंकली. मग तिने कार्ड लिहायला घेतलं. आडनाव नाखवा. नाव जनाबाई. नवऱ्याचं नाव? जनाबाईने तोंडावर पदर घेतला. "ते नाय घेवाचा." कोळीवाड्यातली जुनी बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, मग तो असो वा नसो. नीला म्हणाली, बरं, नंतर कुणाला तरी विचारीन. खाना कोरा ठेवला आणि विसरली. आप्पांनी आज्ञाधारकपणे 'श्रीमती' लावून ती ओळ तशीच टाइप केली.

आणि मी ती गाळली. नियमाने गाळली, पण गाळली मीच.

मार्च १९९२ संपत आला. नीलाला दोनदा मुदत वाढवून मिळाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. एकतीस तारखेला प्रबंध पोचला नाही तर पाच वर्षांची नोंदणी रद्द. तीस तारखेला बाकी सगळा प्रबंध बाइंडिंगवाल्याकडे गेलेला, फक्त सूचीची पानं चार वाजेपर्यंत द्यायची राहिलेली. हरिहर कारखान्याच्या कामाने बडोद्याला. अकराच्या सुमाराला दार वाजलं.

जनाबाई. सोमवार असल्यामुळे पाटी नव्हती. नवं लुगडं, केसात अबोली.

"उद्या देतस ना पुस्तक? माजा नाव दाव."

नीलाने मोठ्या हौसेने कागद पसरले. जनाबाईला वाचता येत नव्हतं, पण ती चष्मा असल्यासारखी वाकून बघत होती. नीलाचं बोट 'एन'वर आलं, खाली सरकलं, नामजोशींवर थांबलं. परत वर गेलं. परत खाली आलं. मग ते बोट कागदावर नुसतंच राहिलं.

"नाय ना?" जनाबाई हळूच म्हणाली. तिचा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे त्या घराला ठाऊक नव्हतं. "तू पन त्यातलीच."

नीला रडायलाच लागली. "नाही हो जनाबाई, मी लिहिलंय, शपथ! थांबा, तुम्ही जाऊ नका." तिने यंत्र चालू केलं, मला बोलावलं, एंटर मारला. मी माझं काम केलं आणि नेहमीसारखं सांगितलं, चारशे अकरा, अपूर्ण एक. आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझी शेवटची ओळ वाचली. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! इतके दिवस मी लोकांच्या टोप्या उडवत होतो, आणि जिला घालायची म्हणून बाई गाईडशी भांडली, तिलाच मी दाराबाहेर ठेवलं होतं.

आप्पांनी हरिहरची वही शोधून काढली आणि माझे नियम मोठ्याने वाचले.

"मग रेघ घालते," नीला घाईने म्हणाली. "रेघ घातली की घेईल तो."

"रेघ म्हंजे काय?" जनाबाईने विचारलं.

नीला रेघेचं बटण शोधायला लागली. पण आप्पा हेडमास्तर, त्यांना खोटं बोलता येईना. "रेघ म्हणजे... नाव नाही, असा अर्थ."

"नाव नाय?" झाला, आवाज परत आला! समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. "तीस वर्सां संसार केला मी त्याच्यासंगं. खाडीन त्याची होरी बगून लोका येल सांगायची. आनी त्याला नाव नाय? त्या परफेसरान नाय घातला, आता तू रेग मारतस त्याच्यावर?"

"मग तुम्ही सांगा ना नाव!"

"ते नाय घेवाचा."

घड्याळात बारा वाजले. कोळीवाड्यात जाऊन कुणाला विचारून यावं तर रिक्षांचा संप. शेवटी जनाबाईच नरमली. नाव घेणार नाही, पण खूण सांगते म्हणाली. "देवाचा नाव हाय. बासरी वाजवतो तो."

आप्पा सरसावले. "मुरलीधर!"

"नाय."

"गोपाळ? दामोदर? वासुदेव?"

"नाय ओ."

"माधव! केशव! मधुसूदन!" आप्पांनी पंचा कमरेला बांधला. अख्खं सहस्रनाम झालं, बाईची मान आडवीच. हृषीकेश म्हटल्यावर तर ती फिसकन हसली. "होरीवाल्याचा असला नाव ठेवतील काय? मास्तर, तुमी लय शिकलाव!" मी आत बसून जळत होतो. चारशे अकरा नावं पोटात असून एकही उपयोगाचं नाही.

एक वाजून गेला. जनाबाई उठली, तेव्हा नीलाला वाटलं चालली. पण ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ह्यो डबा काय मानूस हाय?"

"नाही हो."

"मंग ह्याला सांगते. मानसांसमोर नाय घेवाचा, डब्याला सांगाला काय झाला? मास्तर, तुमी भाईर जावा."

आप्पा निमूट गॅलरीत गेले. पंख्याच्या दिवशी जिथे उभे होते तिथेच. नीला म्हणाली, टाइप करायला मला बसावं लागेल. जनाबाईने विचार केला. "बस. पन तोंड तिकडं कर." नीलाने मान भिंतीकडे वळवली आणि बोटं माझ्यावर ठेवली. जनाबाईने डोक्यावर पदर घेतला, पडद्याच्या अगदी जवळ वाकली आणि लग्नात घेतात तसं, ठेक्यात नाव घेतलं.

"भांगाला खारी उथल, उधानाला काठोकाठ,
कान्हाचा नाव घेते मी, डब्या, कर नीट पाठ."

ऐकलं मीही, पण ऐकलेलं मला साठवता येत नाही. मला ते नाव नीलाच्या बोटांतून आलं. पाच इंग्रजी अक्षरं, मधे एन, तो कुर्र वाजला. नीला मागाहून हरिहरला सांगत होती, की म्हणून झाल्यावर जनाबाई बराच वेळ पडद्याला हात लावून उभी होती. नवरा जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत ते नाव तिने घेतलं नव्हतं.

एंटर. खर्र खर्र. चारशे बारा ओळी, अपूर्ण शून्य.

आणि आता गंमत बघा. मी काही मुद्दाम केलेलं नाही, मला मुद्दाम काही करताच येत नाही. आप्पांची 'श्रीमती' काढली, आप्पांची 'प्रा.' काढली, उरलं नाखवा आणि नामजोशी. इंग्रजीत लावा नाहीतर बाराखडीने लावा, नाखवाच आधी. नवीन कागद निघाला तेव्हा नीलाने जनाबाईचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. नाखवा जनाबाई कान्हा.

"आनी ह्यो खालचा कोन?"

"तोच प्रोफेसर."

जनाबाई इतकी हसली की आप्पा न बोलावता आत आले. "बस म्हनावं खाली!"

चारला दहा मिनिटं असताना आप्पा ती पानं घेऊन स्वतः बाइंडिंगवाल्याकडे पळाले. पायात एक चप्पल हरिहरची होती.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक कोण यावेत? नामजोशीच! मी तिथे नव्हतो, नीलाने घरी येऊन सांगितलं ते सांगतो. सगळे लेखक करतात तेच त्यांनी केलं. प्रबंध हातात आला की आधी मागची पानं उघडायची आणि आपलं नाव शोधायचं. सापडलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं, आणि मग नजर एक ओळ वर गेली. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा कान्हा... हयात आहे?"

"नाही सर. त्यांनी तुमच्या पुस्तकाची फार वाट पाहिली."

सर पाणी प्यायले. मग त्यांनी भरतीवर एक साधा प्रश्न विचारला आणि नीला डॉक्टर झाली. आप्पांनी त्याच दिवशी माझी अठरा पदव्यांची यादी मागवून घेतली आणि 'डॉ. सौ.' त्यात आहे का ते तपासलं. होतं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

आज १९९९ चालू आहे. कर्णिक मंडळी ठाकुर्लीला राहायला आली. नवा संगणक आला, त्यात मला घालायला फटच नाही. मी ज्या चपट्या काळ्या फ्लॉपीत राहतो, ती बिस्किटांच्या डब्यात आहे. मधे आप्पांनी मला बाहेर काढून वर्षभर चहाच्या कपाखाली ठेवलं होतं. एवढी माणसं ज्याने रांगेत उभी केली, त्याच्या डोक्यावर कप! बोलायची सोय नाही. तुमच्याकडे कुणी माझ्यासारखा पडून असेल तर निदान कोरड्या जागी ठेवा, आणि त्याची शेवटची ओळ वाचत जा, एवढंच मागणं.

जनाबाई आता पाटी घेत नाही, गुडघे गेले. सूचीचं ते पान तिच्या घरी काचेत लावलंय, नवऱ्याच्या फोटोखाली. दर दिवाळीला नीला जाते, तेव्हा ती न चुकता विचारते, "तुमचा डबा बरा हाय ना? त्याने कुनाला सांगला नाय ना नाव?" एकदा नीला म्हणाली, अहो, पुस्तकात तर छापलंय की. तर म्हणते, "छापलेला येगला. मी तोंडान घेतलेला येगला. तो त्याला एकट्याला सांगलाय."

"नाही, कुणाला नाही सांगितलं," असं नीला म्हणते.

मीही आजपर्यंत नव्हतं सांगितलं. पण गेल्या पावसाळ्यापासून माझ्यावर बुरशी चढायला लागली आहे. माझी अक्षरं जागोजाग पुसट होत चालली आहेत, आणि नीलाची ती चारशे बारा नावांची यादी याच फ्लॉपीत माझ्या शेजारीच ठेवलेली आहे. जनाबाईने कर पाठ म्हणून सांगितलं होतं आणि माझं पाठांतर सुटायला लागलं. भीती वाटली हो मला. म्हणून तुम्हाला सगळं तिने घेतलं तसंच्या तसं सांगून टाकलं.

आता तुम्ही करा पाठ. आणि कधी कोळीवाड्यात गेलात, तर मी फोडलं हे तिला कळू देऊ नका.